ट्रेलर ओढायला पिकअप घेताय? मागच्या ॲक्सलचा रेशो कसा ठरवायचा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत पिकअप आणि ट्रॅव्हल ट्रेलर घेणारे आता चांगलेच दिसायला लागलेत आणि त्यातल्या प्रत्येकाचा ग्रुपवर ठरलेला प्रश्न असतो, ३.५५ घेऊ की ३.७३, की डीलरकडे उभी आहे ती ३.३१ च उचलू? त्यावर जुने लोक सांगतात की ओढायचं असेल तर ४.१० शिवाय बोलायचंच नाही, आणि दुसरे घाबरवतात की मोठा आकडा घेतलास तर गॅस स्टेशनवरच तंबू ठोकावा लागेल. एकेकाळी दोघांचंही बरोबर होतं. आता गिअरबॉक्स बदलले त्यामुळे हिशोब पण बदलला, पण सल्ले तेच फिरतायत. तर हिशोब स्वतः कसा करायचा ते सांगतो, अवघड काही नाही, फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. उदाहरणं फोर्ड एफ-१५०, सिल्व्हराडो आणि रॅम १५०० ची घेतलीत कारण गिऱ्हाईकाला रेशो निवडायची सोय मुख्यतः याच गाड्यांत आहे. आपल्याकडे ट्रकवाल्यांना हा विषय नवीन नाही म्हणा, खडी वाहणाऱ्या टिपरला मोठा आकडा आणि लांब पल्ल्याच्या ट्रकला लहान, क्राऊन-पिनियन बदलताना कुठलाही गॅरेजवाला पहिलं हेच विचारतो.

आधी आकडा म्हणजे काय ते. मागच्या ॲक्सलच्या पोटात एक छोटं पिनियन असतं जे ड्राइव्हशाफ्टबरोबर (गिअरबॉक्सपासून मागे येणारा दांडा) फिरतं, आणि ते मोठ्या क्राऊनला फिरवतं, क्राऊन चाकं फिरवतं. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११ असतील तर ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्ट ३.७३ फेरे मारणार. ३९ आणि ११ असतील तर ३.५५, ४१ आणि १० असतील तर ४.१०. आकडा जेवढा मोठा तेवढी चाकावर ओढ जास्त आणि तेवढंच इंजिन त्याच स्पीडला जास्त फिरणार. ओढ फुकट मिळत नाही, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) देऊन विकत घ्यावी लागते.

पण चाकावर येणारी ओढ एकट्या ॲक्सलवर ठरत नाही, गिअरबॉक्सचा रेशो आणि ॲक्सलचा रेशो यांचा गुणाकार बघायचा असतो, आणि नेमकं इथेच जुने सल्ले गळून पडतात. जुन्या सिल्व्हराडो १५०० मध्ये चार गिअरचा ऑटोमॅटिक असायचा, त्याचा पहिला गिअर ३.०६. त्याला ४.१० चा ॲक्सल लावला तरी गुणाकार येतो १२.५. आताच्या एफ-१५० च्या दहा गिअरवाल्या बॉक्सचा पहिला गिअर ४.६९६ आहे, त्याला ३.३१, म्हणजे ज्याला सगळे 'हायवेचा ॲक्सल' म्हणून नाक मुरडतात तो लावला तरी गुणाकार १५.५. म्हणजे आजचा नाजूक समजला जाणारा ट्रक जागेवरून वजन हलवताना कालच्या दणकट ट्रकपेक्षा जास्त ओढ देतो. रॅमचा आठ गिअरचा बॉक्स पण तसाच, पहिला गिअर ४.७१, त्याला ३.२१ लावून १५.१ आणि ३.९२ लावून साडेअठरा. त्यामुळे '४.१० शिवाय हलणार नाही' हे वाक्य आजच्या पंधराशेच्या (म्हणजे रॅम १५००, एफ-१५० या वर्गातल्या) ट्रकला लागू नाही, २००४ च्या चार गिअरवाल्याला नक्की लागू आहे.

दुसरी गोष्ट गिअरमधल्या अंतराची. चार गिअरच्या बॉक्समध्ये तिसरा १.०० आणि दुसरा १.६३, म्हणजे चढावर तिसऱ्यात जमेना म्हणून दुसऱ्यात पडला की आरपीएम एकदम ६३ टक्क्यांनी वर. ३०.५ इंची टायरवर ६५ मैलाच्या स्पीडला ३.०८ चा ॲक्सल तिसऱ्यात २२०० आरपीएम देतो, जे अर्ध्या चढाला पुरत नाही, आणि दुसऱ्यात पडलात की ३६००, इंजिन किंचाळायला लागतं आणि मागे बसलेली मुलं विचारतात बाबा काय झालं. तिथे ३.७३ लावलं की तिसऱ्यातच २६७० मिळतात आणि ४.१० ला २९४०, म्हणजे बरोबर मधली मोकळी जागा भरून निघते. म्हणून त्या काळात ॲक्सलचा रेशो हाच सगळ्यात मोठा निर्णय होता. दहा गिअरच्या बॉक्समध्ये ही जागा मुळातच भरलेली आहे.

आता सूत्र. मैलातला स्पीड गुणिले ॲक्सल रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले ३३६, आणि सगळ्याला टायरच्या इंचातल्या व्यासाने भागायचं. झालं. एफ-१५० वर बऱ्याचदा २७५/६५ आर १८ टायर असतात, त्यांचा व्यास ३२.१ इंच धरा. मोकळा ट्रक, ६५ चा स्पीड, दहावा गिअर म्हणजे ०.६३६. ३.३१ ला येतात १४३० च्या आसपास, ३.५५ ला १५४० आणि ३.७३ ला १६१५. म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यात फरक किती, तर १८० आरपीएम. एवढ्यावरून लोक भांडतात.

हेच आता ट्रेलर लावून बघा, कारण ट्रेलर लावल्यावर दहावा गिअर कोणी वापरत नाही, ट्रक सातव्या किंवा आठव्यातच बसतो. ६५ ला आठव्यात म्हणजे ०.८५४ मध्ये ३.७३ वाला फिरतो २१७० ला. ३.३१ वाला आठव्यात १९२० ला, जे थोडं कमी पडतं, म्हणून तो सातव्यात म्हणजे १.०० वर येतो आणि तिथे फिरतो २२५० ला. नीट बघा, ३.३१ चा सातवा हा ३.७३ च्या आठव्यापेक्षा थोडा जास्तच फिरतोय. कारण ३.३१ आणि ३.७३ मधला फरक आहे पावणेतेरा टक्क्यांचा आणि सातव्या-आठव्यातला फरक आहे १७ टक्क्यांचा, म्हणजे ॲक्सलचा अख्खा फरक एका गिअरपेक्षा लहान. तुम्ही लहान रेशो घेतला तर गिअरबॉक्स एक पायरी खाली उतरून तेच काम करतो, फक्त तो पायऱ्या जरा जास्त वेळा चढउतार करेल. तो चढउतार त्रासदायक असतो हे मात्र मान्य, क्रूझ लावून लहानशा चढउतारांच्या रस्त्याने जाताना सात-आठ-सात-आठ असं चालू राहतं आणि डोकं उठतं, त्यावर उपाय म्हणजे टो-हॉल मोड (ओढताना वापरायची गिअरबॉक्सची सेटिंग) आणि वरचे गिअर लॉक करणं, ती बटणं गाडीत दिलेलीच असतात, लोक वापरत नाहीत.

मग चढावर काय? इथे एक मोठा गैरसमज आहे की मोठा रेशो म्हणजे चढावर जास्त स्पीड. चढावर वजन किती वेगाने वर न्यायचं हे हॉर्सपॉवर ठरवते, रेशो नाही. ट्रक आणि ट्रेलर मिळून १३,००० पाऊंड, सहा टक्के चढ, ६० मैल स्पीड, तर फक्त वजन उचलायला १२५ हॉर्सपॉवर लागतात, ४५ मैलावर आलात तर ९४. वर वाऱ्याचा आणि टायरचा विरोध, आणि ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे हवेत उभी केलेली भिंतच असते, म्हणजे ६० ला एकूण दोनशेच्या आसपास धरून चाला. या गणितात ॲक्सल रेशो कुठेच आलेला नाही. रेशोचं काम एवढंच की इंजिन ज्या आरपीएमला ती पॉवर देतं त्या आरपीएमच्या जवळचा गिअर मिळवून देणं, आणि दहा गिअर असले की तो कुठल्याही रेशोत मिळतो.

टर्बो नसलेल्या इंजिनाचं मात्र उंचीवर हाल होतं, ढोबळ हिशोब हजार फुटाला तीन टक्के पॉवर कमी. डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालात की आयझेनहॉवर टनेलपाशी उंची ११,००० फुटांच्या वर जाते, तिथे ३५५ हॉर्सपॉवरचा ५.३ लिटर व्ही८ अडीचशेच्या आसपास उरतो, आणि वर बघितलंच की दोनशे तर नुसते लागतायत. म्हणजे इंजिनाला जवळजवळ पूर्ण ताणून चार-साडेचार हजारांच्या पुढे फिरवत राहणं आलं. टर्बोवाला ३.५ इकोबूस्ट तिथे फार हरत नाही. म्हणून कोलोरॅडो, युटा, कॅलिफोर्नियाच्या सिएरामध्ये नियमित ट्रेलर नेणाऱ्याने साधा व्ही८ घेतला असेल तर मोठा रेशो घ्यावा असं मी म्हणेन, टेक्सासच्या सपाटीवर टर्बो घेऊन फिरणाऱ्याने त्यावर झोप घालवायची गरज नाही. उतारावर इंजिन ब्रेकिंग मोठ्या रेशोत जरा बरं मिळतं, पण तेही एक गिअर खाली टाकून भरून निघतं.

मग रेशोचा उपयोग काय, कंपन्या अजून पर्याय देतातच ना? देतात, आणि त्याचं खरं कारण जीसीडब्ल्यूआर. ट्रक, ट्रेलर, माणसं, सामान सगळं मिळून कंपनी जास्तीत जास्त किती वजनाला हो म्हणते तो आकडा, आणि तो रेशोप्रमाणे बदलतो. टोइंगचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी मनाला येईल तसे छापायची, नंतर एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेची जे२८०७ नावाची चाचणी आली. त्यात १२ टक्के चढावर उभ्या जागेवरून पुन्हा पुन्हा ट्रेलर हलवून दाखवायचा असतो, शून्य ते ६० मैल ३० सेकंदात गाठायचे असतात, आणि ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमपासून वर जाणारी साधारण साडेअकरा मैलांची चढण १०० डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात, एसी फुल ठेवून, ४० मैलाच्या खाली न येता चढायची असते (मागे दोन-दोन चाकं असलेल्या ड्युअलीला ३५ ची सूट आहे). यात इंजिन, गिअरबॉक्सचं तेल, ॲक्सलचं तेल सगळं तापतं आणि उभ्या चढावर सुरुवात करताना गुणाकार कामाला येतो, म्हणून मोठ्या रेशोला जास्त वजनाची परवानगी मिळते. रॅम १५०० च्या ५.७ हेमीत ३.२१ आणि ३.९२ मधला टोइंगचा फरक साधारण तीन हजार पाऊंडांचा असतो, तोच ट्रक, तेच इंजिन. म्हणजे आज तुम्ही रेशो घेता तो मुख्यतः ही परवानगी मिळवायला.

तर निवडीचा क्रम असा. पहिलं ट्रेलरचं वजन धरा, आणि ते रिकाम्या ट्रेलरचं नाही. ब्रोशरमध्ये जे ड्राय वेट लिहिलेलं असतं त्यात बॅटरी, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या, पाणी, भांडीकुंडी, खुर्च्या, तुमचा पाच लिटरचा कुकर, काहीच नसतं. ट्रेलरच्या अंगावरच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन) असतो तो धरला की फसत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, पेलोड. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाऊंडांच्या वर जाऊ नये. डीलर हे स्टिकर दाखवत नाही, तो ब्रोशरमधलं ११,००० का १३,००० टोइंग दाखवतो. समजा स्टिकरवर १५५० आहे. ट्रेलर ६५०० पाऊंडांचा, त्याचं टंग वेट म्हणजे हिचवर (ट्रकमागच्या जोडणीवर) खाली दाबणारं वजन १० ते १५ टक्के असावं लागतं, १३ टक्के धरलं तर ८४५. ते ट्रकच्याच पेलोडमध्ये मोजायचं. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) १०० पाऊंड. तुम्ही, बायको, दोन मुलं आणि उन्हाळ्यात इंडियाहून आलेली आई मिळून ६४०. मागे बेडमध्ये (हौद्यात) जनरेटर, लाकडं, सायकली धरून १५०. बेरीज १७३५. म्हणजे टोइंगचा आकडा ११,००० धरला तरी साठ टक्केसुद्धा वापरला नाही आणि पेलोड १८५ पाऊंडांनी ओलांडला. आता ३.५५ च्या जागी ३.७३ घ्या नाहीतर ४.१० घ्या, हे १८५ पाऊंड कुठेही जात नाहीत, कारण पेलोड ठरवतात स्प्रिंगा, टायर, ॲक्सलची वजन झेलायची ताकद. बहुतेक फॅमिली इथेच अडकते, आणि वाद घालत असते रेशोवर. इथे बेरीज बसत नसेल तर कमी पर्यायांचा, हलक्या ट्रिमचा ट्रक बघा (सनरूफ, मोठी चाकं, इलेक्ट्रिक पायऱ्या हे सगळं पेलोड खातं) नाहीतर सरळ पंचवीसशेच्या, म्हणजे एक वर्ग वरच्या ट्रककडे जा.

हे दोन्ही जमलं की मग तिसऱ्या पायरीवर रेशो. फोर्ड दरवर्षी टोइंग गाईडचं पीडीएफ काढतं, त्यात इंजिन, कॅब, व्हीलबेस आणि ॲक्सल रेशोप्रमाणे तक्ते असतात. तुमच्या इंजिनच्या ओळीत जाऊन जीसीडब्ल्यूआर बघा, त्यातून भरलेल्या ट्रकचं वजन वजा करा, उरलेल्यात तुमचा ट्रेलर बसतोय का आणि वर पंधरा-वीस टक्के जागा राहते का बघा. ज्या सगळ्यात लहान रेशोत हे आरामात बसतं तो तुमचा रेशो. भरलेल्या ट्रकचं वजन अंदाजाने घेऊ नका, ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (गाडी तोलायचा काटा) असतो, थोडक्या डॉलरात कागदावर छापून मिळतं. शेव्ही आणि जीएमसीने २०१९ च्या मॉडेलपासून दाराच्या चौकटीवर ट्रेलरिंगचं वेगळं लेबल द्यायला सुरुवात केली, त्यावर त्या एका गाडीचेच आकडे असतात, हे फार चांगलं काम केलं त्यांनी.

आता गॅसचं, म्हणजे पेट्रोलचं. मोकळ्या ट्रकला रेशोमुळे किती फरक पडतो? समजा अर्धा मैल प्रति गॅलन पडला. वर्षाला १२,००० मैल, २० च्या ॲव्हरेजने ६०० गॅलन, साडेएकोणीसच्या ॲव्हरेजने ६१५. पंधरा गॅलन. साडेतीन डॉलरचा भाव धरला तर वर्षाला ५२-५३ डॉलर, कुटुंबाचं एका वेळचं बाहेरचं जेवण. आणि ट्रेलर लावल्यावर ॲव्हरेज नऊ-दहावर येतं ते ट्रेलरच्या हवेतल्या विरोधामुळे, रेशो कुठलाही असला तरी. तिथे गॅस वाचवायचा असेल तर ७० च्या जागी ६० ने चालवा, कारण हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ७० चा विरोध ६० च्या ३६ टक्के जास्त. रेशो बदलून एवढं कधीच वाचत नाही. त्यामुळे इकॉनॉमीसाठी लहान रेशो घेतोय असं कोणी म्हणालं तर हरकत नाही, पण त्या पन्नास डॉलरसाठी टोइंगचे हजार-दोन हजार पाऊंड सोडणं मला पटत नाही, ट्रेलर लहानच राहणार याची खात्री असेल तर गोष्ट वेगळी. ट्रेलर लहान राहत नाही हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे, दोन वर्षांत बायकोला वेगळी बेडरूमवाला पाहिजे असतो.

ढोबळ सांगायचं तर वर्षातून दोन-तीनदा पॉपअप (घडी होणारा छोटा ट्रेलर) किंवा छोटी बोट, चार हजार पाऊंडांच्या आत, तर ३.२१, ३.२३, ३.३१ जे असेल ते घ्या आणि विसरून जा. पाच ते आठ हजारांचा ट्रॅव्हल ट्रेलर नियमित, तर टर्बो इंजिनला ३.५५ पुरे, साध्या व्ही८ ला ३.७३ किंवा रॅममध्ये ३.९२. नऊ हजारांच्या पुढे गेलात तर पंधराशेच्या ट्रकला मोठा रेशो लावून ताणत बसू नका, पंचवीसशे-पस्तीसशे बघा, तिथल्या डिझेलला मुळातच टॉर्क एवढा असतो की त्यांचे लहान रेशोसुद्धा मजबूत ओढतात आणि ४.१०, ४.३० फक्त खरोखर प्रचंड वजनाच्या फिफ्थ व्हीलवाल्यांना (हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) लागतात. जुना चार गिअरवाला सेकंडहँड घेताय तर मात्र ३.७३ च्या खाली बघूच नका.

सेकंडहँड म्हटलं की पुढचा प्रश्न, समोरच्या ट्रकचा रेशो ओळखायचा कसा, कारण विकणारा 'टो पॅकेज आहे' एवढंच सांगतो आणि मागे हिच दिसली की आपण मान डोलावतो. हिच कोणीही लावून घेऊ शकतं. फोर्डच्या दारावरच्या स्टिकरवर ॲक्सल कोड असतो, एफ-१५० वर १९ म्हणजे साधा ३.५५, एल९ म्हणजे लॉकिंगवाला (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) ३.५५, २६ म्हणजे साधा ३.७३, एल६ म्हणजे लॉकिंगवाला ३.७३, २७ म्हणजे ३.३१. जीएमच्या जुन्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समध्ये कोडचं स्टिकर सापडतं, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. त्याच स्टिकरवर जी८० दिसलं की लोक खूश होतात पण तो रेशो नाही, लॉकिंग डिफरन्शियल आहे. लॉकिंग ही वेगळीच गोष्ट, ओल्या शेवाळलेल्या बोट रॅम्पवर एक चाक नुसतं फिरायला लागतं तेव्हा मोठा रेशो उपयोगाला येत नाही, लॉकर येतो. बोटवाल्यांनी आधी तो बघावा.

स्टिकर गेलं असेल किंवा आधीच्या मालकाने गिअर बदलले असतील तर हाताने मोजा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचा ॲक्सल जॅकने उचलून दोन्ही बाजूंना स्टँड द्या, गाडी न्यूट्रलला टाका (नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही, हे सांगायला लागू नये). ड्राइव्हशाफ्टवर खडूने एक रेघ ओढा आणि टायरवर एक. लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप असेल आणि दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरत असतील तर टायर बरोबर एक फेरा फिरवा आणि दुसऱ्याला शाफ्टचे फेरे मोजायला लावा, साडेतीनच्या किंचित पुढे आला तर ३.५५, पावणेचारच्या जरा अलीकडे थांबला तर ३.७३. साधा ओपन डिफरन्शियल असेल तर एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं आणि मोजमाप फसतं, तेव्हा एका बाजूचं चाक जमिनीवरच राहू द्या आणि उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा, शाफ्टचे फेरे म्हणजे तुमचा रेशो. ३.५५ आणि ३.७३ मध्ये घोळ होतोय असं वाटलं तर दहापट फेरे घ्या, फरक आपोआप दिसतो.

टायरचा विषय सोडून चालणार नाही. ३२.१ इंची टायर काढून ३५ इंची टाकले की ३.७३ चा ट्रक वागायला ३.४२ सारखा होतो आणि ३.५५ वाला ३.२६ सारखा. कंपनीने दिलेलं टोइंग तेव्हा कागदावरच राहतं, वर स्पीडोमीटर कमी दाखवतो. डीलरने आधीच लिफ्ट करून मोठे टायर लावून उभा केलेला ट्रक ओढण्यासाठी घेत असाल तर हे आधी मोजा, मग बाकीचं बोला.

मग नंतर गिअर बदलून घेतले तर? घेता येतात, पण फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही ॲक्सल एकाच रेशोचे करावे लागतात, नाहीतर फोर व्हील लावल्यावर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने ओढतात आणि ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) मरतो. म्हणजे खर्च दुप्पट, काही हजार डॉलर सहज. शिवाय काही ॲक्सलमध्ये कॅरिअरसुद्धा (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो, डाना ४४ नावाच्या ॲक्सलला ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा. काम नाजूक आहे, शिम (पातळ चकत्या) लावून पिनियनची खोली बसवायची, क्राऊन-पिनियनमधली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची, दात्यांना रंग लावून घासण्याचा ठसा बघायचा. ठसा दात्याच्या टोकाला गेला की काही महिन्यांत ॲक्सल रडायला लागतो, ठराविक स्पीडला ऊंऊं असा आवाज. दहा गिअरच्या ट्रकला एवढं करण्यापेक्षा पहिल्यापासून बरोबर रेशोचा ट्रक शोधणं केव्हाही स्वस्त, दुसऱ्या शहरातून आणावा लागला तरी. डीलरच्या साईटवर फोटोंमध्ये विंडो स्टिकर उघडून बघा, रेशो त्यावर छापलेला असतो, आणि सेल्समनने फोनवर सांगितलेलं धरू नका, त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं.

नवीन ट्रक किंवा नवीन गिअर, दोन्ही आल्याबरोबर ट्रेलर लावायचा नाही. दाते एकमेकांवर बसायला वेळ लागतो आणि त्या काळात तेल प्रचंड तापतं, कुठे ५०० तर कुठे १००० मैल थांबायला सांगितलेलं असतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते बघा. गिअर बदलून घेतले असतील तर पहिल्या काही फेऱ्या लहान ठेवा, पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-चारदा, आणि ५०० मैलांना तेल बदलून घ्या. काढलेल्या तेलात ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करडी बारीक पेस्ट चिकटलेली असेल तर ठीक आहे, ती धातूची पूड असते, पहिल्या वेळी येतेच. बोटाला टोचतील असे चुरे किंवा दात्याचा तुकडा निघाला तर तेल परत भरू नका, त्याच दुकानात ट्रक टो करून घेऊन जा.